कंपनीच्या पीसीवर साध्या यूजरसाठी सॉफ्टवेअर टाकायचं कसं? ॲडमिन हक्क द्यावेत का?

एक्सलो_पॉइंट
नमस्कार मंडळी. अंबडला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका युनिटमध्ये मी आयटी बघतो. ऑफिस, डिझाइन, क्वालिटी आणि स्टोअर मिळून चाळीसेक पीसी आहेत. सगळीकडे विंडोज प्रो आहे, डोमेन (सगळी मशीन एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय) नाही, साधा वर्कग्रुप. आजवर प्रत्येक जण आपापल्या मशीनचा ॲडमिन होता. मध्यंतरी एका ग्राहकाचं सायबर सुरक्षेचं ऑडिट झालं आणि त्यांनी लेखी दिलं की रोजच्या लॉगिनला ॲडमिन हक्क नकोत. मला ते पूर्ण पटतं, त्यामुळे सगळ्यांना स्टँडर्ड यूजर करून टाकलं.

आता खरी अडचण. स्टोअरच्या माणसाच्या लॉगिनवर बसून सेटअपवर राइट क्लिक केलं, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घेतलं, ॲडमिनचा पासवर्ड दिला. इन्स्टॉल व्यवस्थित झालं, पण त्याच्या डेस्कटॉपवर काहीच नाही. ॲडमिनने लॉगिन केलं तर तिथे आयकॉन हजर! डिझाइनचं सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनच्या) प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर यूजरकडे उघडतं, पण सेटिंग सेव्ह होत नाहीत. अकाउंट्सला डीएससीने, म्हणजे डिजिटल सहीच्या टोकनने, सही करताना रोज पासवर्ड मागतो. मालक म्हणतात, सगळ्यांना परत ॲडमिन कर आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी काढून टाक. असलं खोटं काम मला करायचं नाही. एकदा टाकलं की त्या मशीनवरच्या प्रत्येक यूजरला चालेल, अशी घडी कोणी बसवली आहे का?

कार्बन_नाका
पहिल्या अडचणीचं कारण सरळ आहे. लॉगिन स्टोअरवाल्याचं असलं तरी पासवर्ड ॲडमिनचा दिलात, म्हणजे तो सेटअप ॲडमिनच्या खात्यातून चालला. काही सेटअप फक्त 'चालू यूजर'पुरते बसतात. त्यांच्या दृष्टीने चालू यूजर म्हणजे तुमचा ॲडमिन. फाइल्स त्याच्या ॲपडेटा (प्रत्येक यूजरच्या स्वतःच्या) फोल्डरमध्ये, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) नोंदी त्याच्या 'करंट यूजर' भागात, आयकॉनही त्याच्याच डेस्कटॉपवर.

म्हणून सेटअप 'ऑल यूजर्स' की 'जस्ट मी' असं विचारत असेल तर कायम ऑल यूजर्स घ्यायचं. विचारत नसेल तर त्या सॉफ्टवेअरची एमएसआय फाइल (विंडोजच्या ठरावीक पद्धतीची इन्स्टॉल फाइल) मिळते का ते बघा. एमएसआय चालवताना कमांडमध्ये ऑलयूजर्स बरोबर १ असं द्यायचं, आणि ऑलयूजर्सची सगळी अक्षरं कॅपिटल. क्रोमचं उदाहरण घ्या. साधा सेटअप ॲडमिन हक्क न मिळाल्यास यूजरच्या ॲपडेटात बसतो, पण क्रोमची एंटरप्राइझ एमएसआय वेगळी मिळते, ती प्रोग्राम फाइल्समध्ये जाते आणि मशीनवरच्या सगळ्यांना दिसते.

विंगेट (मायक्रोसॉफ्टची कमांडने सॉफ्टवेअर टाकायची सोय) वापरत असाल तर इन्स्टॉलच्या कमांडला 'स्कोप मशीन' जोडा. प्रत्येक पॅकेजला ते चालेलच असं नाही, पण बऱ्याच पॅकेजेसना चालतं.

गोदाकाठ
+१. फक्त आयकॉनच राहिला असेल तर सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, पब्लिक, पब्लिक डेस्कटॉप इथे शॉर्टकट टाका, सगळ्यांना दिसेल. पब्लिक डेस्कटॉप फोल्डर लपवलेला असतो, आधी हिडन फाइल्स चालू करा.

तिसरी_शिफ्ट
मी मेंटेनन्समध्ये आहे, आणि मला हे सगळं ऑफिसात बसून ठरवलेलं वाटतं. रात्री दोनला लाइन बंद पडते. पीएलसीला (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरला) लॅपटॉप लावायचा तर आधी लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलावा लागतो. स्टँडर्ड यूजरला तो बदलता येत नाही. आयटीवाले साहेब झोपलेले, फोन उचलत नाहीत. तासभर लाइन उभी राहिली तर सकाळी उत्तर मी द्यायचं. मेंटेनन्सच्या लॅपटॉपला ॲडमिन पाहिजेच, त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

सिन्नर_फाटा
भाऊ, तुमची अडचण शंभर टक्के खरी आहे. पण तिच्यासाठी अख्खा ॲडमिन लागत नाही. विंडोजमध्ये 'नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स' नावाचा तयार गट असतो. मेंटेनन्सचं लॉगिन त्या गटात टाकलं की आयपी बदलता येतो, बाकी हक्क स्टँडर्डचेच राहतात. आमच्याकडे मुसळगावला मेंटेनन्सचे सगळे लॅपटॉप असेच चालतात.

पीएलसी सॉफ्टवेअरचंही तसंच. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलचं बघा. बसवायला ॲडमिन लागतो, चालवायला नाही. इन्स्टॉल होताना 'सीमेन्स टीआयए इंजिनिअर' असा गट तयार होतो आणि चालवणारा माणूस त्या गटात असला की झालं. 'ॲडमिनशिवाय चालत नाही' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा त्या माणसाला गटात घालायचं राहिलेलं असतं.

एक लक्षात ठेवा. गटात टाकल्यावर त्या माणसाला साइन आउट करून परत लॉगिन करायला लावा. हक्क लॉगिन करतानाच ठरतात, चालू सेशनमध्ये बदलत नाहीत.

तिसरी_शिफ्ट
@सिन्नर_फाटा, या गटाबद्दल आजवर कोणी सांगितलं नव्हतं. उद्याच आमच्या आयटीला सांगतो. पण रात्री ड्रायव्हर टाकायची वेळ आली तर? यूएसबी टू सीरियलची नवी केबल आली की ड्रायव्हर आलाच.

सिन्नर_फाटा
केबलचं मॉडेल ठरवून घ्या आणि ड्रायव्हर आधीच टाकून ठेवा. पाच ठिकाणांहून पाच प्रकारच्या केबली आणल्या तर कोणताही हक्क पुरायचा नाही.

रविवार_कारंजा
आम्ही जिथे आधी कामाला होतो तिथला ॲडमिनचा पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३ असा होता. चहा घेऊन येणारा पोऱ्यासुद्धा सेटअप टाकून द्यायचा. चहा मात्र फर्मास! 😄

पपया_नर्सरी
@रविवार_कारंजा 😂 पण हसता हसता मुद्दा मोठा मांडलात. धागाकर्त्यांना विचारतो, चाळीस मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड एकच आहे का? असेल तर आधी तो बदला, बाकी सगळं नंतर. एका मशीनवरून तो चोरला गेला की उरलेली सगळी मशीन उघडी पडतात. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला तो असाच. विंडोजमधली एक त्रुटी वापरलीच, शिवाय मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलून त्यांच्या जोरावर शेजारच्या मशीनवर जायचा. आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यात विस्कळीत झालं होतं. तिकडे जाणारे इथले कंटेनर अडकले की काय होतं, ते द्राक्षवाल्यांना विचारा.

मायक्रोसॉफ्टचं लॅप्स यासाठीच आहे. प्रत्येक मशीनच्या लोकल ॲडमिनला वेगळा पासवर्ड देतं आणि ठरावीक काळाने आपोआप बदलतं. २०१५ पासून ते वेगळं मिळायचं, एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच आलं. पण त्याला ॲक्टिव्ह डिरेक्टरी किंवा एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टच्या सगळी खाती एका जागेवरून सांभाळायच्या सोयी) लागतं, नुसत्या वर्कग्रुपमध्ये चालत नाही. तोवर हातानेच वेगवेगळे पासवर्ड ठेवा आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये नोंदवा.

नाशिकरोड_लोकल
थोडी उलटी बाजू मांडतो. स्टँडर्ड यूजर केलं की रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) लागत नाही, अशी समजूत करून घेऊ नका. यूजरला ज्या फाइल्स लिहिता येतात त्या सगळ्या रॅन्समवेअरलाही लिहिता येतात. डिझाइनचा शेअर फोल्डर गेला तर ॲडमिन असला काय आणि नसला काय, ड्रॉइंग गेलीच. मग एवढा जाच कशासाठी?

पपया_नर्सरी
फाइल्सबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणूनच बॅकअप नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर हवा. पण फरक खूप पडतो. स्टँडर्ड हक्कांवर शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या फाइल्सच्या जुन्या प्रती) पुसता येत नाहीत, अँटीव्हायरस बंद करता येत नाही, सर्व्हिस म्हणून ठाण मांडता येत नाही, दुसऱ्या यूजरच्या फाइल्सना हात लावता येत नाही. नुकसान एका माणसापुरतं आणि त्याच्या शेअरपुरतं राहतं. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (मशीनवरच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. जिथे प्रत्येक जण ॲडमिन, तिथे लॉग कोणीही पुसू शकतो. मग कळवणार काय?

टर्निंग_बोअरिंग
एवढा मोठा विचार कशाला? सोपी युक्ती सांगतो. रनॲज कमांडचा (दुसऱ्या खात्याच्या नावाने प्रोग्राम उघडणाऱ्या) शॉर्टकट बनवा, त्यात सेव्हक्रेड जोडा. एकदा पासवर्ड दिला की परत मागत नाही. यूजर डबल क्लिक करतो, सॉफ्टवेअर ॲडमिनमध्ये उघडतं. आमच्या वर्कशॉपमध्ये मस्त चालू आहे.

कार्बन_नाका
कृपया हे लगेच बंद करा. सेव्हक्रेडने जपलेला पासवर्ड त्या एका सॉफ्टवेअरपुरता नसतो. तोच यूजर त्याच पद्धतीने कमांड प्रॉम्प्टही ॲडमिनच्या नावाने उघडू शकतो, आणि मग काहीही करू शकतो. त्यापेक्षा त्याला सरळ ॲडमिन केलेलं बरं, निदान कागदावर खरं तरी दिसेल.

दुसरा असाच धोकादायक सल्ला नेटवर सापडतो, 'ऑलवेज इन्स्टॉल एलिव्हेटेड' नावाची पॉलिसी. ती चालू केली की कोणतीही एमएसआय सिस्टिमच्या हक्कांनी बसते, चोराने बनवलेली सुद्धा. तिच्या वाटेला जाऊ नका.

टर्निंग_बोअरिंग
हे माहीत नव्हतं भो. मग त्या सॉफ्टवेअरचं करू काय? तो वेंडर सांगतो ॲडमिनमध्येच चालवा.

द्वारका_सर्कल
इथे मी लांबलचक लिहितो, कारण धागाकर्त्यांच्या सीएनसी सॉफ्टवेअरचंही उत्तर यातच आहे.

'ॲडमिनमध्येच चालवा' म्हणजे बहुतेक वेळा एवढंच, की सॉफ्टवेअर अशा एखाद्या जागी लिहायला जातं जिथे साध्या यूजरला परवानगी नाही. बहुधा प्रोग्राम फाइल्समधलं स्वतःचं फोल्डर किंवा रजिस्ट्रीतला लोकल मशीनचा भाग. एक्सपीच्या काळात घरोघरी सगळे ॲडमिन असायचे, त्यामुळे बनवणाऱ्यांना हे कधी खटकलंच नाही. व्हिस्टात यूएसी (ॲडमिनच्या कामाआधी परवानगी विचारणारी सोय) आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने अशा जुन्या ३२ बिट प्रोग्रामसाठी एक सोय केली. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेलं की ती फाइल गुपचूप यूजरच्या ॲपडेटातल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवली जाते. प्रोग्राम खूश, पण फाइल त्या एकाच यूजरला दिसते. सकाळच्या शिफ्टच्या माणसाने टूल लायब्ररीत केलेला बदल दुपारच्या माणसाला दिसत नाही, तो यामुळे. आधी ते फोल्डर उघडून बघा.

तिथे काही नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं प्रोसेस मॉनिटर घ्या. फुकट आहे. यूजरच्या लॉगिनमध्ये ॲडमिन पासवर्ड देऊन ते चालू करा, फिल्टरमध्ये सॉफ्टवेअरचं नाव आणि निकालात 'ॲक्सेस डिनाइड' टाका. मग सॉफ्टवेअर साध्या पद्धतीने उघडून सेटिंग सेव्ह करा. कोणत्या फाइलवर किंवा कोणत्या की वर अडतंय ते समोर येतं. तेवढ्याच जागेवर यूजर्स गटाला मॉडिफायचा हक्क द्या, प्रॉपर्टीज आणि सिक्युरिटीतून किंवा आयकॅकल्स कमांडने.

पण इथे घाई करू नका. ज्या फोल्डरमध्ये ईएक्सई आणि डीएलएल (खुद्द प्रोग्रामच्या फाइल्स) आहेत त्याला लिहिण्याचा हक्क देऊ नका. तसं केलं तर कोणीही ईएक्सई बदलून ठेवेल, आणि पुढच्या वेळी ॲडमिनने किंवा सर्व्हिसने ती चालवली की मशीन त्याचं झालं. सेटिंगची फाइल किंवा उपफोल्डर वेगळं असतं, हक्क तेवढ्यालाच द्या. सगळं एकाच फोल्डरमध्ये असेल तर फक्त त्या एका आयएनआय (सेटिंगच्या) फाइलवर. काही सॉफ्टवेअरमध्ये डेटाची जागा बदलता येते, तसं असेल तर उत्तमच.

एक्सलो_पॉइंट
@द्वारका_सर्कल, मनापासून आभार. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पोस्ट प्रोसेसरच्या (प्रोग्राम सीएनसी मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या) जुन्या फाइल्स सापडल्या, दोन यूजरच्या दोन वेगळ्या प्रती! प्रोसेस मॉनिटर उद्या लावतो.

@पपया_नर्सरी, हो, पासवर्ड एकच होता. आज बदलायला घेतला आहे.

द्राक्षमणी
पिंपळगावकडे आमचं पॅकहाउस आहे. हंगामात जानेवारी ते एप्रिल लेबल छापणारे ऑपरेटर सतत बदलतात. नव्या ऑपरेटरला नवं लॉगिन दिलं की सॉफ्टवेअर दिसतं, पण लेबलचे टेम्प्लेट दिसत नाहीत. ते प्रोग्रामडेटा या सगळ्या यूजरच्या सामायिक फोल्डरमध्ये हलवले. आता दिसतात, पण एकाने बनवलेलं लेबल दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही. गाडी भरायला उभी आणि लेबलवर लॉट नंबर चुकीचा, अशी वेळ आली की सगळ्यांना ॲडमिन करावंसं वाटतं.

गोदाकाठ
ताई/दादा, प्रोग्रामडेटाचा तो स्वभावच आहे. तिथे यूजरला नवी फाइल करता येते, दुसऱ्याने केलेली वाचता येते, बदलता येत नाही. त्यात लेबलसाठी वेगळं उपफोल्डर करा आणि यूजर्स गटाला त्या उपफोल्डरवर मॉडिफाय द्या. जुन्या फाइल्सवरही हक्क उतरले का ते तपासा. ॲडमिनची गरज नाही.

द्राक्षमणी
ताईच 🙂 करून बघते. धन्यवाद.

रविवार_कारंजा
डीटीपीवाला म्हणून अजून एक. फॉन्ट! नवा मराठी फॉन्ट टाकला, माझ्याकडे दिसतो, दुसऱ्या लॉगिनमध्ये फाइल उघडली की चौकोनच चौकोन. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साधं 'इन्स्टॉल' दाबलं तर फॉन्ट त्या यूजरपुरताच बसतो. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' घ्यायचं, त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. लग्नसराईत पत्रिकांची कामं आली की हे आधी तपासतो.

कॉलेजरोडचा_सीए
डीएससीचं सांगतो, ऑफिसात रोजचंच आहे. टोकनचा ड्रायव्हर ॲडमिनने एकदा टाकायचा. सही करताना टोकनचा पिन लागतो, ॲडमिनचा पासवर्ड नाही. पासवर्ड मागते ती साइनर युटिलिटी, जी मशीनवर एक पोर्ट उघडून ब्राउझरशी बोलते. आधी शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर' ही खूण कोणी करून ठेवली आहे का ते बघा. आमच्याकडच्या बऱ्याच मशीनवर ती खूण काढल्यावर युटिलिटी स्टँडर्ड लॉगिनमध्ये नीट चालली.

अजून एक. एका मशीनवर दोघे जण 'स्विच यूजर' करून काम करत असतील तर पहिल्याची युटिलिटी पोर्ट धरून बसते आणि दुसऱ्याला कनेक्शन मिळत नाही. मग लोक समजतात ॲडमिन हक्क नाहीत म्हणून अडलं. पहिल्याने पूर्ण साइन आउट करायचं.

कार्बन_नाका
एक राहिलं. सेटअप फाइल झेड ड्राइव्हसारख्या मॅप केलेल्या शेअरवर असेल तर ॲडमिनचा पासवर्ड दिल्यावर 'पाथ सापडत नाही' असं येतं. तो ड्राइव्ह यूजरच्या लॉगिनमध्ये जोडलेला असतो, ॲडमिनच्या नाही. फाइल आधी सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि मग चालवा.

लांबून रिमोटने मदत करणाऱ्यांसाठी: पासवर्ड मागणारी यूएसीची खिडकी वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर येते. रिमोटचं सॉफ्टवेअर नुसतं यूजरच्या हक्कांवर चालू असेल तर आपल्याला ती दिसत नाही, काळा पडदा दिसतो. ते सॉफ्टवेअर आधीच सर्व्हिस म्हणून बसवून ठेवा. यूजरला फोनवर पासवर्ड सांगू नका.

सातपूर_शेड
माझी छोटी शेड आहे, पाच-सहा कॉम्प्युटर, त्यातले निम्मे विंडोज होम. आयटीवाला महिन्यातून एकदा येतो. हे सगळं वाचून पटलं, पण आमच्यासारख्याने करायचं काय? होममध्ये ते गटांचं पानच उघडत नाही.

सिन्नर_फाटा
मालक, होममध्ये लोकल यूजर्सचं पान नाही आणि ग्रुप पॉलिसीचं पण नाही. पण नेट लोकलग्रुप ही कमांड चालते. तुम्हाला एवढंच पुरेल: प्रत्येक मशीनवर एक वेगळं ॲडमिन खातं करा, त्यातून रोजचं काम करायचं नाही. तुमच्या स्वतःच्या लॉगिनसकट बाकी सगळी स्टँडर्ड. नवं ॲडमिन खातं चालतंय याची खात्री झाल्यावरच जुनं उतरवा, नाहीतर मशीनवर ॲडमिनच उरणार नाही. प्रत्येक मशीनचा पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, पाकीट तुमच्या तिजोरीत. महिन्याच्या मधे गरज पडली तर पाकीट फोडा, कोणी कशासाठी फोडलं ते वहीत लिहा आणि आयटीवाला आला की पासवर्ड बदलून नवं पाकीट.

तिसरी_शिफ्ट
पाकिटाची पद्धत मला सगळ्यात आवडली. रात्रपाळीच्या शिफ्ट इनचार्जकडे मेंटेनन्स लॅपटॉपचं एक पाकीट ठेवलं तर माझी तक्रार संपली. यावर निमा किंवा आयमा या इथल्या उद्योजक संघटनांनी छोट्या युनिटसाठी एखादी कार्यशाळा घेतली तर मी रजा टाकून येईन.

एक्सलो_पॉइंट
सगळ्यांचे आभार. कुठवर आलो ते सांगतो. स्टोअरचं सॉफ्टवेअर ॲडमिनच्या खात्यातून काढून एमएसआयने परत टाकलं, आता तिथल्या सगळ्या लॉगिनमध्ये दिसतं. सीएनसीचं सॉफ्टवेअर एका सेटिंग फाइलवर आणि एका रजिस्ट्री की वर अडत होतं. तेवढ्यालाच हक्क दिले आणि पोस्ट प्रोसेसर एका सामायिक फोल्डरमध्ये आणले. डिझाइनच्या पोरांनी दोन्ही शिफ्टमध्ये चालवून बघितलं. डीएससीची ती खूण निघाली, सही होते आहे. मालकांना प्रोसेस मॉनिटरमधल्या त्या ओळी दाखवल्या. ॲडमिन न देता काम होतं म्हणाल्यावर त्यांनी परत विषय काढला नाही.

एकच उरलं आहे. क्वालिटीला नवा नेटवर्क प्रिंटर आला. पूर्वी शेअरवरून प्रिंटर जोडला की ड्रायव्हर आपोआप यायचा, आता स्टँडर्ड यूजरला पासवर्ड मागतो.

पपया_नर्सरी
ते मुद्दाम केलेलं आहे. २०२१ च्या जुलैत प्रिंटनाइटमेअर नावाची प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामं सांभाळणाऱ्या विंडोजच्या सर्व्हिसमधली) त्रुटी गाजली. त्यानंतर ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून प्रिंटर ड्रायव्हर टाकायला ॲडमिन लागतो. रजिस्ट्रीत ती अट काढता येते, पण काढू नका. क्वालिटीच्या मशीनवर ॲडमिनने एकदा ड्रायव्हर टाका आणि प्रिंटर थेट आयपीने जोडा, म्हणजे तो मशीनवरच्या सगळ्यांना दिसतो. त्या प्रिंटरचा आयपी राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर बदलेल आणि परत तुम्हालाच बोलावतील.

एक्सलो_पॉइंट
आयपी राखून ठेवला, थेट जोडला. चालू झालं.